सोलापुरातलं जुनं घर घरच्या घरी दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कसबा, बाळीवेस, शुक्रवार पेठ, साखर पेठ, तेलंगी पाच्छा पेठ या भागांत दगड, माती, चुना आणि लाकूड यांची घरं अजून भरपूर उभी आहेत. खालचे प्रश्न त्या घरांचे. आरसीसी बंगल्याची दुखणी वेगळी, ती इथं मिसळलेली नाहीत. ‘स्वतः काय करू शकतो आणि कशाला हात लावायचा नाही’ एवढंच बहुतेकांना विचारायचं असतं, त्यामुळे उत्तरंही त्याच अंगानं दिली आहेत.

दिवाळीला पाहुणे येणार आहेत. निदान रंग तरी देऊन घेऊ का?

रंग सगळ्यात शेवटी. आधी माथा, मग भिंतीचा पाया, मग वायरिंग, मग गिलावा आणि मग रंग. छत गळत असताना भिंत रंगवली तर पुढच्या पावसात रंगाचे फुगे येणार आणि दोष रंगाच्या कंपनीला लागणार.

ऋतूचंही बघा. आपल्याकडं जून-जुलैच्या भुरभुरीवर छताची परीक्षा होत नाही. खरा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताला पडतो. जुलैत गळलं नाही म्हणून निर्धास्त झालेल्या घरात गणपती उठल्यावर पातेली मांडायची वेळ येते. म्हणून छताचं काम जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संपली की काढायचं आणि मृगाच्या आत उरकायचं. चुन्याचा गिलावा मात्र दिवाळीनंतर, थंडीत. एप्रिल-मेच्या उन्हात चुना नीट धरायच्या आत वाळतो आणि नंतर हाताला पीठ लागतं.

माळवद (मातीचं सपाट छत) गळतंय. वडील दर दोन-तीन वर्षांनी पांढऱ्या मातीचा थर टाकायचे. तसाच टाकू का?

आधी वर किती माती साचली आहे ते बघा. माळवदाच्या कडेला, पन्हाळीजवळ, पहारेनं एक भोक पाडून खालच्या किलचणापर्यंतची (मातीखाली अंथरलेल्या लाकडी पट्ट्यांपर्यंतची) जाडी मोजा. बऱ्याच घरांत ती फूट-दीड फूट भरते, कारण प्रत्येक पिढीनं वर टाकली, खालची कुणी काढली नाही.

आता हिशेब. दहा बाय दहाची खोली आणि वर एक फूट माती म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास. कोरड्या मातीचं एवढं वजन साधारण साडेचार टन होतं, भिजली की आणखी वाढतं. हे सगळं झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर, लाकडी सरांवर (छताच्या आडव्या लाकडांवर) तोललेलं असतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जीव गेले ते मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची अशीच जड माती कोसळून. तो धक्का सोलापुरातही बसला होता, घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. त्यानंतर त्या पट्ट्यातल्या जुन्या घरांची मजबुती करताना जे उपाय सांगितले गेले त्यात माळवदावरची माती कमी करणं होतं, खांब आणि तुळईच्या कोनात तिरके टेकू देणं होतं आणि भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दुवे घालणं होतं.

यातलं माती उतरवणं घरचे लोक करू शकतात, पण शिस्तीनं. खालची खोली पूर्ण रिकामी. माती दोन्ही टोकांकडून मध्याकडे, पातळ थरांत काढायची. काढलेली माती माळवदावरच एका कोपऱ्यात ढीग करून ठेवायची नाही, घमेल्यानं लगेच खाली. सर दिसायला लागले की प्रत्येक सराचं भिंतीत शिरलेलं टोक तपासा. मधला भाग बहुधा ठणठणीत असतो, कुजतं ते टोकच, कारण तिथं भिंतीची ओल आणि वरचं पाणी दोन्ही पोचतं. पेचकस जोर न लावता बोटभर आत गेला किंवा ठोकल्यावर भदभद आवाज आला तर काम थांबवा, खाली टेकू लावा आणि सुताराला बोलवा. सर बदलणं हे घरगुती काम नाही.

सर चांगले निघाले तर किलचणावर पाला किंवा चिपाडं, वर चाळलेल्या मातीचा पातळ थर, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि पुन्हा मातीचा थर. दहा फुटांना तीन-चार इंच उतार हवा आणि पन्हाळ भिंतीच्या बाहेर फूटभर तरी आलेली हवी. गळती थांबवते ती जाडी नाही, हा उतार थांबवतो.

त्यापेक्षा माळवद काढून स्लॅबच टाकला तर?

मातीत बांधलेल्या भिंतीवर स्लॅब टाकू नका. कुणी गवंडी ‘टाकू की, काय होत नाही’ म्हणाला तरी नाही. स्लॅब हवा असेल तर त्याच्यासाठी स्वतंत्र कॉलम आणि पाया लागतो, म्हणजे ते नवं बांधकाम झालं. पत्रा हा हलका पर्याय आहे, पण तो वाऱ्यानं उडू नये म्हणून नुसते दगड ठेवणं पुरेसं नाही, हुकांनी सांगाड्याला जखडावा लागतो. आणि मे महिन्यात त्या खोलीत कोण बसणार याचाही विचार करा.

जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो कापू, फोडू किंवा ड्रिल करू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसात कायमची राहते. काढायचाच तर पाण्यानं भिजवून, अख्खाच्या अख्खा उतरवून घ्या.

पाणी चार-पाच दिवसांनी येतं. छतावर हजार लिटरची टाकी ठेवली तर चालेल का?

हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, टाकीचं वजन वेगळं. माळवदावर अजिबात नाही. जुन्या लाकडी पाटणीच्या छतावरही नाही. परसात लोखंडी स्टँड करा आणि त्याचे पाय जमिनीतल्या काँक्रीटवर उभे करा.

हौद खणणार असाल तर दुसरी काळजी. जितकं खोल खणायचं तितकं तरी भिंतीपासून लांब राहा. जुन्या भिंतींचा पाया कधीकधी अगदी उथळ असतो आणि खड्डा जवळ गेला की पायाखालची माती खड्ड्याकडे सरकते. शहराच्या कडेला काळी माती लागते तिथं तर हे फार लवकर होतं.

महापालिकेची परवानगी लागते का?

गिलावा, रंग, फरशी बदलणं, दारं-खिडक्या जागच्या जागी दुरुस्त करणं याला लागत नाही. भिंत पाडणं, नवी खोली काढणं, मजला चढवणं, छताचा प्रकार बदलणं याला लागते. सोलापूरला राज्याची २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. किल्ल्याच्या किंवा अन्य संरक्षित वास्तूच्या जवळ घर असेल तर पुरातत्त्व खात्याचे नियमही आड येऊ शकतात, हे काम काढण्याआधीच विचारून घ्या.

शिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं मालकावर बंधनकारक आहे. लोक याला कटकट समजतात. खरं तर कुठली भिंत भार घेते आणि कुठली नुसती आडोशाची आहे हे एकदा कागदावर आलं की पुढचं निम्मं काम निर्धास्तपणे स्वतः करता येतं.

उताऱ्यावर चार भावांची नावं आहेत, राहतो आम्हीच. खर्च केला तर?

दुरुस्तीआधी सगळ्यांची लेखी संमती घ्या, पावत्या सांभाळा. शेजाऱ्याबरोबरची भिंत सामाईक असेल तर त्यालाही सांगा, खिळा ठोकण्याआधी. बाकी सल्ला वकिलाचा.

भिंतीचा खालचा तीन फूट गिलावा दरवर्षी सुटतो, पांढरी पावडर येते. गवंडी म्हणतो सिमेंटनं पक्कं करून टाकू.

हा लोणा. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं, सोबत क्षार आणतं, पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहून गिलाव्याला आतून ढकलतात. माती-चुन्याची भिंत ही ओल बाहेर सोडत असते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट थर चढवला की पाण्याची वाट बंद होते, ते आणखी वर चढतं. म्हणून सिमेंट केलेल्या घरांत दोन-चार वर्षांनी ओल सिमेंटच्या पट्ट्याच्या वर, पाच फुटांवर दिसायला लागते. मागची माती मात्र भिजून भुसभुशीत झालेली असते. बोटाच्या पेरानं सिमेंटवर ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर आत भिंत आणि गिलावा यांची फारकत झालेली आहे.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. बहुतेक वेळा कारण साधं असतं: न्हाणीचा पाट भिंतीला चिकटून, पन्हाळीचं पाणी भिंतीच्या पायात पडतं, किंवा रस्त्याची पातळी वर चढत गेली आणि जोतं बुडालं. गल्लीचा रस्ता दर वेळी नव्यानं करताना जुना थर खरवडला जात नाही, त्यामुळे कित्येक घरांच्या तीन पायऱ्यांची एकच उरली आहे. बाहेर भिंतीलगत चर काढून पाणी लांब वळवलं की निम्मा लोणा तिथंच संपतो.

मग सुटलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून काढा. सांध्यातली भुसभुशीत माती दोन-अडीच सेंटीमीटर खोल कोरून काढा आणि भिंत महिनाभर उघडी राहू द्या. वर येणारे क्षार कोरड्या ब्रशनं झाडायचे, पाण्यानं धुवायचे नाहीत, नाहीतर ते परत आत जातात. त्यानंतरच चुन्याचा गिलावा.

चुना घरी विरवता येतो का?

येतो, पण लहान मुलं घरात असतील तर सरळ तयार विरी गेलेल्या चुन्याची पोती आणा. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, भांडं हात लावता येणार नाही इतकं तापतं. नियम एकच: आधी पिंपात पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलटं केलं तर अंगावर उसळतो. प्लास्टिकची पातळ बादली वापरू नका, वितळते. डोळ्यांवर बंद गॉगल हवाच. डोळ्यात गेलाच तर नळाखाली किमान पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि तसंच डॉक्टरकडे जायचं.

विरलेला चुना वर चार बोटं पाणी ठेवून दोन आठवडे तरी मुरू द्या, जितका जास्त मुरेल तितका लोण्यासारखा होतो. एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली धुतलेली वाळू. ओलीच्या भागात वाळूतला एक भाग कमी करून विटेची सुरखी घाला, धरतो चांगला. भिंत आधी भिजवून घ्यायची. एका वेळी अर्धा इंचापेक्षा जाड थर नको. पहिला थर कडक होत आला की थापीच्या टोकानं आडव्या-तिडव्या रेघा ओढायच्या, म्हणजे दुसरा पकड घेतो. रंध्यानं फार घोटत बसू नका. नंतर आठवडाभर ओली पोती लटकवून हलकं पाणी शिंपडत राहायचं.

आता हे पाणी आणायचं कुठून, हा सोलापूरकराचा अगदी रास्त प्रश्न. नळ आला त्या दिवशी भिंत भिजवून पहिला थर करा आणि पिंप भरून ठेवा. बोअरचं पाणी खारट असेल तर गिलाव्यात वापरू नका, लोणा काढून पुन्हा आपणच घातल्यासारखं होईल.

चुन्याच्या भिंतीवर प्लास्टिक पेंट किंवा पुट्टीही नको. चुन्याचीच सफेदी, हवा तर त्यात रंगाची पूड. दर दोन वर्षांनी हात मारावा लागतो हे खरं, पण तो घरातलं कुणीही मारू शकतं.

भिंतीला तडे आहेत. कुठल्या तड्याला घाबरायचं?

केसासारखा, गिलाव्यापुरता तडा असेल तर चुन्यानं बुजवा. उन्हाळ्यात रुंदावणारा आणि पावसात मिटणारा तडा असेल तर खाली काळी माती आहे, ती फुगते-आकसते. असा तडा बुजवला तरी पुन्हा येणार, पायाजवळची ओल वर्षभर सारखी राहील असं बघणं हाच उपाय.

दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वर गेलेला, करंगळी शिरेल असा तडा, किंवा भिंतीला पोट आलेलं असेल तर इंजिनिअर. दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी आत दोन पदर आणि मधे मातीची भर असते, पोट आलं म्हणजे बाहेरचा पदर सुटायला लागला. त्या भिंतीवर हातोडा चालवू नका आणि ओळंबा सोडून किती सुटली आहे ते मोजून ठेवा.

तडा चालता आहे की थांबलेला हे ओळखायला जुनी युक्ती आहे. तड्यावर आडवी पातळ काचेची पट्टी एम-सीलनं दोन्ही बाजूंना चिकटवा, शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहा. काच तडकली तर भिंत हलते आहे. मात्र एक उन्हाळा आणि एक पावसाळा दोन्ही जाऊ द्या.

आमच्या घरात आजोबांचा खड्डामाग (खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग) होता. तो खड्डा बुजवून खोली वापरायची आहे.

शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, हा प्रश्न हमखास येतो. घरातला केरकचरा, राडारोडा टाकून वर फरशी बसवू नका, वर्षभरात ती खचते. खड्डा मोकळा करा, कडेची कुजलेली लाकडं काढा, मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसानं ठोका. शेजारी अजून यंत्रमाग चालू असेल तर त्या बाजूच्या भिंतीला कपाटं, शेल्फ लटकवू नका. हादऱ्यानं खिळे सैल होत जातात.

शहाबादी फरशी काळवंडली आहे. काढून व्हिट्रिफाइड बसवू?

ठेवा हो! शहाबाद आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं, तिथली फरशी इथल्या उन्हाळ्यात पायाला गार लागते. फक्त अॅसिडनं धुवू नका. हा चुनखडीचा दगड आहे, अॅसिड पडलं की फेस येतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो, मग मळ आणखी धरतो. साधा साबण, काथ्या आणि कोमट पाणी. हलणाऱ्या फरश्या उचलून खाली नवी वाळू-चुना अंथरून रबरी हातोड्यानं बसवायच्या. शनिवार-रविवारी एक खोली होते.

वायरिंग लाकडी पट्टीवरची आहे. यूट्यूब बघून बदलू का?

नाही. हे परवानाधारक ठेकेदाराचं काम आहे. तुम्ही एवढं बघा: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगला अडीच, गीझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळं अर्थिंग, आणि तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. मातीच्या भिंतीत आडव्या चरी मारू देऊ नका, भिंत कमजोर होते. पीव्हीसी पट्टी वरून दिसली तरी बिघडत नाही.

सागवानी दारावर ऑइलपेंटचे पाच-सहा थर आहेत. घासून मूळ लाकूड काढता येईल?

येईल आणि दिसेलही देखणं. पण कोरडं घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं बरंच असू शकतं. ही धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा, खाली कागद अंथरा, मास्क लावा आणि गर्भवती बाईला, मुलांना तेवढे दिवस दुसरीकडे पाठवा.

लाकूड उघडं झालं की जवसाचं तेल. पातळ हात, फडक्यानं पुसून घ्यायचा, दोन-तीन दिवस वाळू द्यायचा, मग दुसरा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चोळामोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

वाळवीवर रॉकेल ओततात, ते बरोबर का?

दिसणारी मरते, वारूळ तसंच राहतं आणि आगीचा धोका वाढतो. चौकटीचा पाय मातीत असेल तर तो कापून खाली दगड बसवा, ओल थांबवा. औषधोपचार भारतीय मानक आय. एस. ६३१३ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे, म्हणजे जोत्यालगत भोकं पाडून करणाऱ्याकडूनच घ्या. तो भाग उभ्या इमारतींसाठीच आहे.

मे महिन्यात वरची खोली तापते. काही स्वस्त उपाय?

स्लॅब असेल तर झाडून, धुऊन चुन्याचे दोन हात द्या, थोडा फेव्हिकॉल घातला तर पावसापर्यंत टिकतो. फरक संध्याकाळी कळतो. पत्र्यावर चुना नको, धातू खातो, तिथं पांढरा परावर्तक रंग. छताचा जुना झरोका बुजवला असेल तर उघडा, गरम हवा तिथूनच बाहेर जायची.

कोनाडे, बळद (भिंतीतली धान्याची कोठी), दगडांच्या कपारी साफ करताना विंचू निघतात. काय काळजी घ्यावी?

हात घालण्याआधी काठी आणि बॅटरी. दगड किंवा फरशी बोटांनी उचलायची नाही, पहारेनं, आणि आपल्या विरुद्ध बाजूला उलथायची. जाड हातमोजे, बंद बूट, आणि बूट घालण्याआधी झटकणं. लहान लाल विंचू मोठ्या काळ्यापेक्षा घातक असतो. चावल्यावर घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर मंत्र-तंत्र, बर्फ-चुना यात वेळ न घालवता थेट सिव्हिलला न्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार दाखवून दिल्यापासून लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण वाचायला लागले, पण ते औषध लवकर पोटात जावं लागतं. मूल असेल तर लक्षणांची वाट बघू नका.